ट्रेनयार्डच्या पुढे कोण गेलं होतं?

आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या माणसासमोर 'आयजीआय' एवढंच म्हणून बघा. तो सॉफ्टवेअरमध्ये असो, बँकेत असो की आंब्याच्या धंद्यात, आधी हसतो आणि मग एका टेकडीचं वर्णन करायला लागतो. टेकडीखाली तारेचं कुंपण, टेहळणीचा मनोरा, मनोऱ्यावर बंदूकवाला गार्ड, पलीकडे रूळ, वाघिणी आणि बराकी. 'प्रोजेक्ट आयजीआय' या गेमचं हे पहिलं मिशन, ट्रेनयार्ड. त्यानंतर सॅम बेस, मग मिलिटरी एअरबेस. इथवर गाडी सुसाट असते. गेममध्ये मिशनं एकूण चौदा. उरलेल्या अकरांबद्दल विचारलं की समोरचा विषय बदलतो किंवा 'पुढचं खूप टफ होतं' म्हणून मोकळा होतो.

लपतछपत खेळायच्या गेमचे चाहते जुन्या आठवणी काढतात तेव्हा त्या जवळजवळ नेहमी सुरुवातीच्या मिशनांच्याच असतात, आणि हे फक्त आयजीआयपुरतं खरं नाही. 'कमांडोज', 'हिटमॅन', 'थीफ' यांच्या चाहत्यांचंही तेच. त्यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ती मिशनं खरोखरच सरस होती, बनवणाऱ्यांनी जीव ओतला होता. दुसरं म्हणतं, आपण खेळलोच तेवढी, मग दुसरं काय आठवणार? माझ्या मते दुसऱ्या मतात चाहते कबूल करतात त्यापेक्षा बरंच जास्त तथ्य आहे. पण त्यामुळे पहिलं मत खोटं पडत नाही.

आधी गेमबद्दल थोडं, कारण ज्यांनी तो जीव टाकून खेळला त्यांनाही तो कुठून आला हे सहसा माहीत नसतं. आयजीआय बनवला नॉर्वेतल्या ओस्लो शहरातल्या इनरलूप स्टुडिओजने. प्रकाशित केला ब्रिटनच्या आयडॉस कंपनीने, डिसेंबर २००० मध्ये. नायक डेव्हिड जोन्स, ब्रिटिश एसएएसमधला माजी सैनिक. चोरीला गेलेला अण्वस्त्राचा स्फोटक भाग शोधायला तो एस्टोनिया आणि आसपासच्या प्रदेशात एकटा शिरतो. कानात ॲन्या नावाच्या बाईच्या सूचना, हातात दुर्बीण आणि एक नकाशा-संगणक, ज्यावर उपग्रहातून दिसावा तसा तळ वरून दिसतो आणि गार्ड हलताना दिसतात. कथा म्हणून यात फार काही नाही. शस्त्रांचा दलाल प्रिबोई आणि 'एक्क' नावाची खलनायिका यांच्यावाचूनही गेमचं काही अडलं नसतं.

अडलं असतं ते त्या टेकडीवाचून. इनरलूपने १९९७ मध्ये 'जॉइंट स्ट्राइक फायटर' हा लढाऊ विमानांचा गेम काढला होता. विमानातून दिसायला मैलोन्‌मैल जमीन लागते, क्षितिज लागतं. तेच इंजिन त्यांनी जमिनीवरून चालणाऱ्या माणसाच्या गेमला वापरलं. त्या काळातले बहुतेक बंदुकीचे गेम बोळांतून पळायचे. दार उघडा, समोर येईल त्याला गोळी घाला, पुढच्या दाराकडे जा. इथे मात्र मिशन सुरू होताच अख्खा तळ पुढ्यात मांडलेला. कुठून शिरायचं ते आपण ठरवायचं. कुंपणाला वळसा घालायचा, आधी मनोऱ्यावरचा टिपायचा, की संगणकापर्यंत पोचून कॅमेरेच बंद करायचे? चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला, ज्याचा दिवसही घरचे आणि शाळा ठरवतात, हे स्वातंत्र्य केवढं वाटलं असेल!

आता आमच्या रत्नागिरीकडे येऊ. कारण ट्रेनयार्ड आम्हाला तोंडपाठ का, याचं निम्मं उत्तर ओस्लोत नसून इथल्या सायबर कॅफेत आहे.

दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला घरात संगणक असणं ही चैन होती. मारुती मंदिर, राम आळी, एसटी स्टँडच्या आसपास कॅफे निघाले होते. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत यायचं, बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये अवतरायचं होतं. त्यामुळे कॅफेवाल्याचा गल्ला ईमेलवर कमी आणि गेमवर जास्त चाले. गेम यायचे कुठून? दुकानातून विकत घेतलेला गेम त्या काळात मी तरी कुणाकडे पाहिला नाही. 'चिप' आणि पुढे 'डिजिट' या मासिकांबरोबर सीडी मिळायची, तिच्यात गेमचे डेमो असत. बाकी माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेत आरतीच्या कॅसेटसोबत पेनने नाव लिहिलेली एक सीडी असायची, आणि अनंत चतुर्दशीपर्यंत ती चार घरं आणि दोन कॅफे फिरून यायची. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर हा प्रवास सोपा झाला. चोरीचा माल होता, यात शंका नाही. पण ज्या बाजारात अस्सल माल पोचतच नव्हता तिथे आयजीआयचं नाव घराघरांत या चोरीनेच पोचवलं, हेही तितकंच खरं.

आता यातली मेख बघा. गेममध्ये तुम्ही कुठवर आलात याची नोंद राहायची त्या संगणकावर, तुमच्याबरोबर नाही. काल तुम्ही तीन नंबरच्या मशीनवर बसून सॅम बेस पार केला. आज तीन नंबरवर दुसराच कुणी बसलाय, तुम्हाला मिळालं पाच नंबर. मग पुन्हा ट्रेनयार्ड. परवा कॅफेवाल्याने व्हायरसमुळे विंडोज नव्याने टाकली, सगळ्यांचंच सगळं गेलं. पुन्हा ट्रेनयार्ड. एक मित्र नव्याने आला, त्याला शिकवायचंय, पुन्हा ट्रेनयार्ड. खेळणारा एक आणि खुर्चीमागे उभे चार, त्यातला प्रत्येक जण 'डावीकडून जा रे मेल्या, डावीकडून' म्हणून ओरडतोय. म्हणजे पहिलं मिशन प्रत्येकाने स्वतः खेळलं त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा पाहिलं. सहाव्या-सातव्या मिशनपर्यंत पोचणारे मोजकेच असत, आणि त्यांच्याकडे आदराने बघितलं जाई. बहुधा त्यांच्या घरी संगणक असे.

त्यात दुसरी भर विजेची. आयजीआयमध्ये मिशन चालू असताना सेव्ह करता येत नाही. मेलात की थेट सुरुवातीला. गेम आला तेव्हा पाश्चात्त्य समीक्षकांनी सर्वांत जास्त झोडपलं ते यावरूनच. पण त्यांचं नुकसान फक्त डेव्हिड जोन्स मेल्यावर व्हायचं. आमचं नुकसान लाइट गेल्यावरही व्हायचं. आणि लाइट किती जायची! रत्नागिरी जिल्ह्यातच, गुहागर तालुक्यात, दाभोळचा तो अवाढव्य वीजप्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. तो पुन्हा चालू झाला २००६ मध्ये. त्याची वीज खास आमच्यासाठी नव्हतीच म्हणा, पण पुढे राज्यभर भारनियमन सुरू झालं तेव्हा या योगायोगावर चडफडायला रत्नागिरीकरांइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता. पावसाळ्यात तर भारनियमनाचीही गरज नसे. भाट्याच्या बाजूने वारा उठला, दोन फांद्या तारेवर पडल्या की संपलं. कॅफेत यूपीएस असला तरी तो मशीन नीट बंद करण्यापुरता. मिशन पूर्ण करण्यापुरता कधीच नाही.

या सगळ्याचा हिशोब मांडला तर सुरुवातीच्या मिशनांवरचं आमचं प्रेम हे बऱ्याच अंशी तासाला वीस-पंचवीस रुपये, सामायिक मशीन आणि वीज मंडळ यांनी घडवलं, असं म्हणावं लागतं. मुंबई-पुण्यातले समवयस्क हे ऐकून नाक मुरडतात, पण त्यांच्याकडेही कॅफे सामायिकच होते. फरक फक्त लाइटचा.

तरीही एवढ्यावर प्रश्न संपत नाही. एखादी गोष्ट शंभरदा करावी लागली म्हणून ती आवडतेच असं नाही. नाहीतर आम्हाला पाढेही आवडले असते. ट्रेनयार्ड शंभरदा खेळूनही कंटाळा आला नाही, कारण ते दर वेळी थोडं वेगळं खेळता येत होतं. नियम समजायला सोपे. गार्डने पाहिलं तर तो गोळी घालणार किंवा अलार्मच्या बटणाकडे धावणार. अलार्म वाजला की बराकीतून आणखी माणसं येणार. कॅमेऱ्याने पाहिलं तरी तेच. गोळीचा आवाज झाला की आसपासचे सावध होणार. पातळ भिंतीतून आणि लाकडातून गोळी आरपार जाते, तुमचीही आणि त्यांचीही. एवढ्या चार-पाच नियमांवर डबा ऐसपैससारखा खेळ उभा राहतो. राज्य कुणावर आहे ते ठाऊक, डबा कुठे आहे ते ठाऊक, आता पोचायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा.

पुढच्या मिशनांत हा समतोल ढळत जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. गार्डांची संख्या वाढते, लांबून अचूक मारणारे स्नायपर येतात, आणि सेव्ह नसल्यामुळे युक्तीपेक्षा पाठांतराला महत्त्व येतं. कोण कुठून निघणार हे आधी दहादा मरून लक्षात ठेवायचं आणि अकराव्या वेळी तिथे आधीच बंदूक रोखायची. याला लपून खेळणं म्हणत नाहीत. चाहत्यांमधले कट्टर तर म्हणतात की आयजीआय हा लपायचा गेम नव्हेच, बंदुकीचाच गेम आहे. पहिल्या तीन मिशनांपुरतं त्यांचं म्हणणं चूक आहे, पुढच्यांपुरतं बरोबर.

आणि जुन्या प्रेमाच्या भरात झाकल्या जाणाऱ्या काही गोष्टी सांगायलाच हव्यात. गार्ड अक्कलशून्य होते. दाराआड उभं राहून एक गोळी झाडली की ते एकामागून एक त्याच दारातून येत आणि एकावर एक पडत. बराकीतून येणाऱ्या कुमकेला कधी कधी अंतच नसे. इतरांबरोबर खेळायची सोय नव्हती, ही त्या काळी मोठी उणीव होती. कॅफेतल्या पोरांनी लॅनवर 'काउंटर-स्ट्राइक' सापडताच आयजीआयला कोपऱ्यात ढकललं ते यामुळेच. चाहते आज म्हणतात तशी निष्ठा तेव्हा कुणाची नव्हती. 'व्हाइस सिटी' आली, पोरं तिकडे वळली.

आणखी एक. या आठवणींमधला 'आम्ही' हा जवळजवळ पूर्णपणे मुलग्यांचा आहे. पडदे लावलेल्या खोपट्यांच्या त्या कॅफेत एखादी मुलगी तासभर गेम खेळत बसली आहे हे दृश्य तेव्हाच्या रत्नागिरीत अशक्यच होतं. ज्यांच्या घरी संगणक होता त्या काही जणी भावाच्या मागे उभं राहून बघायच्या, भाऊ उठला की बसायच्या. त्यांच्या आठवणी कुठे ऐकू येत नाहीत. त्या ऐकल्या तर या विषयाचं चित्र जरा वेगळं दिसेल असा माझा अंदाज आहे.

इतर मालिकांकडे वळलं तर सुरुवातीच्या मिशनांचं गणित थोडं वेगळं दिसतं. या प्रकाराचं मूळ सहसा १९८७ च्या 'मेटल गिअर'पर्यंत नेतात. जपानच्या हिदेओ कोजिमांचा हा गेम. त्याचा १९९८ चा मोठा अवतार 'मेटल गिअर सॉलिड' जगभर गाजला, पण तो प्लेस्टेशनवाल्यांचा. आमच्या बाजूला ते यंत्र क्वचितच दिसे, म्हणून त्याच्या आठवणीही क्वचितच. कॅफेतला संसार पीसीचा, आणि मागे वळून बघताना एक मजा लक्षात येते: कमांडोज, थीफ, हिटमॅन, आयजीआय, चारही आयडॉसने प्रकाशित केलेले. आमच्या पिढीची लपाछपी एका ब्रिटिश कंपनीच्या यादीतून आली होती.

'कमांडोज' १९९८ चा, स्पेनच्या पायरो स्टुडिओजचा. त्याचं पहिलं मिशन दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्वेत घडतं. यात सगळं वरून दिसतं आणि शत्रूची नजर हिरव्या त्रिकोणासारखी जमिनीवर पसरलेली दिसते. जवळच्या पट्ट्यात शिरलात की सापडलात, लांबच्या पट्ट्यातून सरपटत गेलात तर सुटलात. शिकवण्याच्या दृष्टीने हे पहिलं मिशन मला आयजीआयच्या पहिल्यापेक्षा उजवं वाटतं. एकेक माणूस, एकेक कसब, एकेक धोका, असं पायरी-पायरीने सांगितलंय. शिवाय हवं तेव्हा सेव्ह करता येतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या मिशनपासून गेम इतका अवघड होतो की शाळेतली पोरं तिथेच गळायची.

'थीफ' आमच्याकडे उशिरा पोचला. शिकायला पुण्या-मुंबईला गेलेल्यांनी तो हॉस्टेलवर पहिल्यांदा खेळला. लुकिंग ग्लास स्टुडिओजचा हा गेमही १९९८ चाच. त्याचं पहिलं खरं मिशन म्हणजे लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यातली चोरी. इथे नायक लढवय्या नाही, चोर आहे, तलवार काढायची वेळ आली म्हणजे तुमचं काहीतरी चुकलंच. फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही. पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते आणि मग अंधार तुमचा. आवाज आणि उजेड यांवर अख्खं मिशन पेलणं ही करामत त्यानंतर फार थोड्यांना जमली. शुद्ध लपण्याच्या कसोटीवर मला निवड करायला सांगितली तर मी बॅफर्डचा वाडा ट्रेनयार्डच्या वर ठेवीन. यावर रत्नागिरीत दोन-चार मित्र गमावण्याची तयारी आहे.

'हिटमॅन' डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हचा. त्याचा पहिला भाग आयजीआयच्याच वर्षी आला, पण कॅफेत गाजला तो दुसरा, २००२ चा 'सायलेंट असॅसिन'. त्याचं पहिलं मिशन सिसिलीतल्या एका माफिया डॉनच्या बंगल्यावर. बंगल्याभोवती पहारा, आणि आत शिरायचे रस्ते बरेच, त्यातला एक सामान पोचवणाऱ्या पोऱ्याचे कपडे चढवून. गोळी न झाडता, कुणाला पत्ता न लागता काम उरकता येतं हे कळल्यावर कॅफेत झालेला गलका आयजीआयच्या कुठल्याही हेडशॉटपेक्षा मोठा असे. याच गेममध्ये पुढे भारतातली मिशनं आहेत. त्यातल्या एकात सुवर्णमंदिराची आठवण करून देणारी वास्तू आणि शिखांना मारण्याचं चित्रण होतं. शीख संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला आणि तो भाग बदलावा लागला. आमच्यापर्यंत हा वाद तेव्हा पोचलाच नाही. आम्ही पहिल्या मिशनाच्या बंगल्यातच होतो.

मराठी चाहते बोलता बोलता हमखास गनिमी काव्यावर येतात. डेव्हिड जोन्सने जे केलं ते आमच्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी झालंय, वगैरे. अभिमान समजू शकतो, पण तुलना घसरते. गनिमी कावा ही सैन्याची, मुलखाची, रसद तोडण्याची गोष्ट आहे. जोन्सला मुलूख नाही, माणसं नाहीत, उपग्रह आहे. तुलना करायचीच तर १६६३ ची लाल महालातली स्वारी घ्या. लग्नाच्या वऱ्हाडाच्या मिषाने पुण्यात शिरल्याची तिची कथा सांगतात. मात्र ती वेषांतराची आहे, म्हणजे आयजीआयच्या नव्हे, हिटमॅनच्या घरातली.

हिटमॅनवाल्यांनी हे वेषांतराचं सूत्र सोडलं नाही, आणि म्हणून त्यांची मालिका टिकली. २०१८ च्या 'हिटमॅन २' मध्ये मुंबईचं मिशन आहे. चाळी, झोपडपट्टी, धोबीकाम, अर्धवट उभी इमारत आणि एका लक्ष्याचं नाव चक्क वझीर काळे. आता मुंबईत स्थायिक झालेल्या रत्नागिरीकराला ते बघून हसू येतं, चुकाही दिसतात. पण गर्दीत हरवून जाणं हेच लपणं, ही मुंबईची गोष्ट डेन्मार्कवाल्यांना बरोबर समजली. 'आता असे गेम बनत नाहीत' हे चाहत्यांचं आवडतं वाक्य म्हणूनच मला पटत नाही. बनतात, आणि जुन्यांपेक्षा चांगले बनतात. आता मिशन पूर्ण करायला कुणाच्या खुर्चीमागे ताटकळावं लागत नाही, एवढाच फरक.

आयजीआयचं पुढे काय झालं ते मात्र वाईट आहे. २००३ मध्ये 'कव्हर्ट स्ट्राइक' हा दुसरा भाग कोडमास्टर्सने प्रकाशित केला. मिशनं एकोणीस, रशिया, लिबिया, चीन असा प्रवास, इतरांबरोबर खेळायची सोय, आणि मर्यादित का होईना, सेव्ह. म्हणजे पहिल्या भागावरच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीला उत्तर. तरीही पहिल्याइतका जीव कुणी त्याला लावला नाही. याचं श्रेय किंवा दोष गेमला देता येणार नाही. तोवर पोरं बारावीच्या, सीईटीच्या रांगेत लागली होती. त्याच वर्षी इनरलूप स्टुडिओज बंद झाला. २०१९ मध्ये 'आयजीआय ओरिजिन्स' नावाच्या नव्या भागाची घोषणा झाली, शीतयुद्धाच्या काळातली कथा असणार होती. भारतातून त्याच्या झलकीखाली हजारोंनी उत्साह दाखवला. २०२३ मध्ये तो बनवणारा स्टुडिओच बंद पडला आणि गेम रद्द झाला.

तेव्हा नवं मिशन येणार नाही हे धरून चाला. जुना गेम आजच्या संगणकावर थोड्या खटपटीने चालतो. ज्यांनी तो ट्रेनयार्ड आणि एअरबेसपुरताच पाहिला आणि पुढची वीस वर्षं त्यावर गप्पा मारल्या, त्यांनी एकदा चौदाही मिशनं पूर्ण करावीत, चीट कोड न टाकता, आणि मग सांगावं सुरुवातीची सरस होती की नाही ते. लाइट आता तेवढी जात नाही. सेव्ह मात्र अजूनही नाही.